न बघितलेल्या चार चौकटी

“सहा नंबर, तीन,” मॅडम म्हणाल्या.

मी बोर्डावर सहाच्या चौकटीत तीन काढला. मार्कर सुकत आला होता, म्हणून दोनदा गिरवला.

“सात, एक. आठ, एक.”

तेही काढले. वरच्या नऊ चौकटी भरल्या. खालच्या चार राहिल्या, त्या आतड्याच्या. मॅडमनी कॅमेरा आतड्याकडे वळवला. पडद्यावर आतडी एकमेकांना चिकटलेली दिसत होती. चिमट्यानं त्यांनी एक वेटोळं उचलायला घेतलं, तेवढ्यात उशाशी बसलेले भुलीचे डॉक्टर म्हणाले, “मैडम, बीपी गिर रहा है. गैस निकालिए.”

पोटात कॅमेरा फिरायला जागा व्हावी म्हणून गॅस भरतात. मॅडमनी तो सोडून दिला. पोट खाली बसलं. पडद्यावर काही दिसेनासं झालं. सगळे मॉनिटरकडे बघत उभे राहिले. मीही, मार्कर धरून. बीपीचा आकडा खाली जात होता. मग तो थांबला आणि हळूहळू वर आला.

“अब दोबारा मत भरिए,” भुलीचे डॉक्टर म्हणाले.

“ठीक है. जाँच का टुकड़ा मिल गया. बंद कर दीजिए,” मॅडम म्हणाल्या. हातमोजे काढले आणि शेजारच्या ओटीत गेल्या. तिथं दुसरी बाई टेबलावर तयार होती.

बोर्डावर चार चौकटी रिकाम्या राहिल्या. त्यांनी मला दहा दिवसांनी घाम फोडला.

मी ओटीतली आया. ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. ट्रॉली आणायची, पेशंटची तयारी करायची, फरशी पुसायची, रक्ताचे कपडे मोजून द्यायचे, ही माझी कामं. नाव शेवंता कदम. माझे पणजोबा फौजेबरोबर दख्खन सोडून ग्वाल्हेरला आले. मी इथल्या लष्कर भागातल्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले. किला गेटला राहते. नोकरीतून रिटायर झाले, तरी मॅडमनी मला ठेवून घेतलं. आता कॉन्ट्रॅक्टवर आहे. कॉन्ट्रॅक्ट म्हणजे कोणी उद्यापासून येऊ नका म्हणालं की यायचं नाही.

मॅडम म्हणजे डॉक्टर मोघे. कॅन्सरच्या सर्जन. माहेरच्या इंदूरच्या, पन्नाशीला आलेल्या. बोलणं तोडून. मला आवडतं तसं.

बायकांच्या अंडाशयाचा कॅन्सर लवकर कळत नाही. पोट फुगतं. बाई म्हणते गॅस झाला. घरचे म्हणतात वय झालं. हिंग, ओवा, चूर्ण, सगळं होतं. आमच्याकडे येईपर्यंत तो पोटभर पसरलेला असतो. एक गाठ काढली आणि झालं, असं नसतं. राजगिरा सांडावा तसे दाणे सगळीकडे असतात. पोटाच्या अस्तरावर, यकृताखाली, आतड्यावर. ऑपरेशन करायचं तर डोळ्यांना दिसणारा दाणा न दाणा काढावा लागतो. सात-आठ तास लागतात. सगळं निघालं तर बाईला त्याचा उपयोग. बरंच मागं राहिलं तर उपयोग जवळपास नाहीच. नुसती मोठी जखम होते, ती भरेपर्यंत किमो देता येत नाही, आणि तेवढ्यात आजार पुढं जातो.

पूर्वी पोट उघडल्यावरच कळायचं. उघडायचं, बघायचं, निघण्यासारखं नाही म्हणायचं, शिवायचं. ओटीत त्याला ‘उघडून बंद’ म्हणतात. मी असे खूप बघितले. सकाळी बाई आत येते. नातेवाईक दिवसभराचे डबे घेऊन बाहेर बसलेले असतात. तासाभरात ट्रॉली बाहेर येते. लवकर आली म्हणून घरचे खूष होतात. ट्रॉली ढकलणारी मी असते. मला माहीत असतं.

मॅडम आल्या आणि त्यांनी मोजणी सुरू केली. आधी बारीक भोकातून कॅमेरा घालायचा. पोटाचे तेरा भाग धरायचे. पोटावर दोन आडव्या, दोन उभ्या रेघा मारल्या तर नऊ चौकटी होतात, पोरं फुली-गोळा खेळतात तशा. त्यांना शून्य ते आठ नंबर. आणि लहान आतड्याचे चार भाग, नऊ ते बारा नंबर. प्रत्येक भागाला शून्य ते तीन मार्क. काही नाही तर शून्य. बारीक दाणे असले तर एक. त्याहून मोठं, पाच सेंटिमीटरपर्यंत, तर दोन. त्याहून मोठं किंवा सगळं एकत्र थापल्यासारखं असलं तर तीन. बेरीज करायची. जास्तीत जास्त एकोणचाळीस होते. बेरीज जेवढी मोठी तेवढी सगळं निघण्याची आशा कमी. आणि आतड्याचं मूळ, जिथून आतड्याला रक्त मिळतं, ते आजारानं आखडलं असेल तर बेरीज लहान असली तरी ऑपरेशन होत नाही. आतड्यावरचे बारीक दाणे स्कॅनमध्ये नीट दिसत नाहीत. कॅमेऱ्यानं बघावेच लागतात.

मॅडम, त्यांचे ज्युनिअर आणि सिस्टर, तिघांचे हात निर्जंतुक. ते कशाला लागायचे नाहीत. माझे हात तसेही अस्वच्छ धरतात. म्हणून मार्कर माझ्याकडे आला.

“मावशी, आकडे येतात ना?” मॅडमनी पहिल्या दिवशी विचारलं.

“चौथी पास आहे. पाढे तीसपर्यंत येतात.”

“पाढे नकोत. मी बोलेन तेवढंच लिहायचं. मी नाही बोलले तर हात खाली.”

चार वर्षं मी तसंच केलं. त्या सोमवारी केलं नाही.

मॅडम शेजारच्या ओटीत गेल्यावर ज्युनिअर टाके घालून बोर्डाकडे आले. डॉक्टर तोमर. मुरैन्याकडचे. मुलगा चांगला, पण सदा घाईत. मॅडमना घाबरायचा. बोर्डाचा फोटो काढून आकडे कॉम्प्युटरमध्ये भरणं त्याचं काम.

“मौसी, ये चार खाने खाली क्यों हैं?”

“मैडम ने बोला नहीं.”

“अरे, फॉर्म खाली खाना लेता ही नहीं. आगे बढ़ता ही नहीं है. जीरो लगा दीजिए.”

“मैडम से पूछ लीजिए.”

“वो उधर हाथ धो चुकी हैं. अब इस बात पे डाँट खिलवाएँगी क्या? जब कुछ बोला नहीं, तो कुछ होगा नहीं. लगाइए.”

मी चार शून्यं काढली. नीट, गोल, सारखी. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. फॉर्म पुरा झाला. त्यानं फोटो काढला. मी स्पिरिटच्या बोळ्यानं बोर्ड पुसला आणि दुसऱ्या केससाठी रेघा मारल्या.

ती बाई म्हणजे रेखाबाई शिरवळकर. महाराज बाड्याजवळच्या गल्लीत पिको-फॉलचं दुकान. वय छप्पन्न. त्याच सकाळी मी तिची तयारी केली होती. मी नाव विचारलं तेव्हा ती मराठीत बोलली, म्हणून मीही मराठीत बोलले. वॉर्डात तसं फार होत नाही.

“मावशी, तुम्ही आत असता ना?”

“असते.”

“माझ्या थोरल्या बहिणीला हेच होतं. तिचं पोट उघडलं आणि तसंच शिवलं. तिला कोणी सांगितलं नाही. घरच्यांनीही नाही. ती मरेपर्यंत म्हणायची, सगळं काढलंय, मग दुखतं का?”

मी तिच्या बांगड्या उतरवायला घेतल्या.

“माझं तसं झालं तर तुम्ही मला सांगाल?”

“मी आया आहे. डॉक्टर सांगतात काय ते.”

“डॉक्टर घरच्यांना सांगतात. म्हणून तर तुम्हाला विचारतेय. मी ब्लाउज उसवते तेव्हा आत शिलाई किती सोडलीय ते आधी बघते. मग कापते. न बघता उसवलं तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल.”

“सांगेन,” मी म्हणाले. बोलणं संपावं म्हणून म्हणाले. कामं पडली होती.

सोमवारी कॅमेरा झाला. दोन दिवसांनी ती घरी गेली. पुढच्या आठवड्यात तुकड्याचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांची मीटिंग झाली. मीटिंगला मॅडम होत्याच. समोर कागद होता, कागदावर तेरा आकडे, बेरीज चौदा, आतड्याचे चारही शून्य. निघण्यासारखं आहे, गुरुवारी मोठं ऑपरेशन, असं ठरलं. दरम्यान मॅडमनी आणखी किती पोटं बघितली होती. कोणाची आतडी बघायची राहिली ते कसं लक्षात राहणार? लक्षात राहू नये म्हणूनच तर कागद असतो. मग त्या वडिलांना बघायला इंदूरला गेल्या. गुरुवारी सकाळी पोचणाऱ्या गाडीनं यायच्या होत्या.

बुधवारी दुपारी रेखाबाई भरती झाली. पोट साफ करायचं औषध घेऊन मी गेले. ती बसलेली होती. चेहरा वेगळाच.

“मावशी, माझे चौदा आले. छोटे डॉक्टर म्हणाले आतड्याला काहीसुद्धा नाही. सगळं निघेल म्हणाले.”

“कोण म्हणालं आतड्याला काही नाही?”

“तोमर डॉक्टर. कागद दाखवला. चारही ठिकाणी शून्य. ह्यांनी तर दुकानावर ‘दो महीने बंद’ची पाटी लावली. मी म्हणाले दीड लिहा.”

माझ्या हातातली बाटली मी खाली ठेवली. ती शून्यं माझी होती. मी काढली होती म्हणून ती तिथं होती. तिच्या आतड्यात काय आहे ते कोणीच बघितलेलं नव्हतं, आणि सगळं हॉस्पिटल माझ्या चार शून्यांवर तिचं पोट फाडायला निघालं होतं.

“काय झालं?” तिनं विचारलं.

“काही नाही. औषध एका दमात प्या. कडू नाही, खारट आहे.”

मी सरळ तोमरकडे गेले. तो वॉर्डाच्या टेबलाशी फाइल भरत होता.

“डॉक्टर साहब, वो जीरो मैडम ने नहीं बोले थे.”

त्यानं पेन थांबवलं. त्याला लगेच आठवलं. ते मला दिसलं.

“मैडम ने देखा होगा,” तो म्हणाला.

“नहीं देखा. बीपी गिर गया था. गैस निकाल दी थी.”

“मौसी, मीटिंग हो गई. मैडम ने खुद साइन किया है. ऑपरेशन नोट में मैंने लिखा है कि आँत साफ है. अब आप चाहती हैं मैं जाके बोलूँ कि मैंने झूठ लिखा?”

“मैं क्या चाहूँगी? मैं बता रही हूँ.”

“हो सकता है साफ ही हो.”

“हो सकता है.”

“तो?”

त्याचं बरोबर होतं. असूही शकतं. तो पुन्हा लिहायला लागला, पण एकच ओळ दोनदा लिहीत होता.

मॅडमचा नंबर माझ्याकडे नव्हता. सिस्टर इनचार्जकडे मागितला. ती म्हणाली, “मैडम के पापा आईसीयू में हैं. आपको फोन करना है? किसलिए?” मी सांगितलं असतं तर ती आधी तोमरला विचारायला गेली असती. तोमर काय म्हणाला असता ते मला माहीत होतं. मी परत आले.

घरी जाताना टेंपोत बसले आणि किला गेट मागं गेलं तरी उतरले नाही. परत चालत आले. ओटीत मी तीस वर्षं काढली. कापलेले पाय उचलून बादलीत ठेवले आहेत. त्याची भीती वाटायची ती पहिला महिना. ही भीती वेगळी होती. मी बोलले आणि आतडी साफ निघाली तर? एका आयेनं मोठ्या सर्जनचं ऑपरेशन अडवलं, एवढंच उरेल. उद्यापासून येऊ नका म्हणतील. आणि नाही बोलले तर तासाभरात ट्रॉली बाहेर येईल, तिचा नवरा खूष होईल, आणि शुद्धीवर आल्यावर ती मला विचारेल. मी सांगेन असं म्हणून बसले होते.

मुलाला काही सांगितलं नाही. तो म्हणाला असता, अम्मा, तुम चुप रहो. मला तेच ऐकायचं होतं, म्हणून विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी तिला वॉर्डातून मीच आणली. ओटीच्या दाराशी जमिनीवर लाल पट्टी आहे. तिच्या आत बाहेरच्या चपला चालत नाहीत. पेशंट एकदा पट्टीच्या आत गेली की मग सगळं आपोआप चालतं. सुई, नळी, भूल. कोणी थांबवायचं म्हटलं तरी थांबत नाही. मी ट्रॉली पट्टीच्या अलीकडे उभी केली.

तोमर दारात आला. “मौसी, अंदर लीजिए.”

“ब्रेक अटक गया है.”

त्यानं खाली बघितलं. ब्रेकवर माझाच पाय होता. त्यालाही दिसलं. त्याचा चेहरा उतरला. तो आत गेला.

रेखाबाई वर बघत पडली होती. “मावशी, इथं थंडी आहे.”

“आत जास्त आहे,” मी म्हणाले आणि तिच्यावर दुसरी चादर टाकली. ट्रॉलीची दांडी धरून उभी राहिले. सिस्टर येऊन दोनदा ओरडून गेली. भुलीच्या डॉक्टरांनी दारातून बघितलं आणि घड्याळ दाखवलं. मी ब्रेकवरचा पाय काढला नाही.

मॅडम कपडे बदलून आल्या. डोळे लाल. रात्रभर गाडीत झोप नसणार. तोमर त्यांच्या मागं.

“मावशी, केस अजून बाहेर का?”

“मॅडम, जरा बाजूला या.”

“इथंच बोला. नऊ वाजलेत.”

आम्हा दोघींची एक सवय होती. पेशंटसमोर काही वाईट बोलायचं झालं की मराठीत बोलायचं. इथं बहुतेक पेशंटना मराठी कळत नाही. मी त्या सवयीनंच बोलले.

“हिची आतडी तुम्ही बघितलीच नव्हती.”

“कोण म्हणतं?”

“मी तिथं होते.”

“मावशी, कागदावर चार शून्य आहेत. मी न बघता शून्य सांगेन?”

“तुम्ही नाही सांगितलं. मी काढलं.”

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. आता थांबून चालणार नव्हतं.

“बीपी पडलं. तुम्ही गॅस सोडलात आणि शेजारच्या केसला गेलात. आतड्याचा एकही आकडा बोलला नाहीत. चौकटी रिकाम्या होत्या. तोमर डॉक्टर म्हणाले फॉर्म पुढं जात नाही, शून्य लावा. मी लावलं. ते म्हणाले, पण हात माझा.”

तोमरला मराठी येत नाही. पण स्वतःचं नाव आणि शून्य हे दोन शब्द कळायला मराठी लागत नाही. त्यानं मान खाली घातली. मॅडमनी त्याच्याकडे बघितलं आणि मला वाटतं त्यांना तेवढ्यात सोमवार आठवला. त्यांनी भिंतीला हात टेकला.

“बीपी पडलेली बाई ही होती?” त्या हळू म्हणाल्या.

“हीच.”

“देवा. आणि मी मीटिंगमध्ये सही केली.”

“मला मराठी येतं हो,” ट्रॉलीवरून आवाज आला.

आम्ही दोघी वळलो. शिरवळकर नावाच्या बाईसमोर आम्ही चोरून मराठीत बोलत होतो. मी तर स्वतः तिच्याशी आठवड्यापासून मराठीत बोलत होते. सवय माणसाला आंधळं करते ती अशी.

रेखाबाई कोपरावर उठून बसायला बघत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

“म्हणजे आत बघितलंच नाही? चौदा खोटे?”

“चौदा खरे आहेत,” मॅडम म्हणाल्या. “पण अर्धेच. आतड्याचं बघायचं राहिलं. चूक आमची आहे.”

“मग आधी बघा. वाईट असलं तर कापू नका. माझ्या बहिणीचं कापलं होतं.”

“परत गॅस भरावा लागेल. गेल्या वेळी बीपी पडलं होतं. त्यात धोका आहे.”

“आणि न बघता कापण्यात?”

मॅडमनी तिच्या नवऱ्याला आत बोलावलं, सगळं सांगितलं, नव्या कागदावर दोघांची सही घेतली. तो बिचारा डबा हातात घेऊनच उभा होता. सही करताना डबा कुठं ठेवावा ते त्याला कळेना. मी घेतला.

मग मी ब्रेकवरचा पाय काढला आणि ट्रॉली आत नेली.

त्या दिवशीचा बोर्ड मला अजून दिसतो. वरच्या नऊ चौकटींत जुनेच आकडे लिहिले. दोन, दोन, एक, एक, एक, दोन, तीन, एक, एक. खालच्या चार रिकाम्या. भुलीच्या डॉक्टरांनी गॅस अगदी थोडा थोडा भरू दिला. दर वेळी ते आकडा मोठ्यानं सांगायचे आणि मॅडम थांबायच्या. मॉनिटर टिकटिक करत होता. बीपी पुन्हा पडलं असतं तर ते माझ्यामुळं पडलं असतं. आतडी साफ निघावीत असं वाटत होतं, कारण मग बाईचं ऑपरेशन होईल. आतडी साफ निघाली तर माझी नोकरी जाईल, हेही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं. खोटं कशाला सांगू?

मॅडमनी चिकटलेलं वेटोळं हळूच सोडवलं आणि उचललं. पडद्यावर मी बघितलं. डॉक्टर नसले तरी चार वर्षांत डोळा तयार झाला होता.

“नऊ,” मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या. “नऊ नंबर, तीन.”

मी तीन काढला.

“दहा, तीन.”

“अकरा, दोन.”

“बारा, तीन.”

मॅडमनी कॅमेरा आतड्याच्या मुळाशी नेला. चांगलं आतडं पंख्यासारखं पसरतं. हे मिटलेल्या पंख्यासारखं गोळा झालं होतं. तोमरनं पडद्याकडे बघितलं आणि मग बराच वेळ छताकडे.

“मावशी, बेरीज?”

“पंचवीस.”

“बेरीज राहू दे. मूळच आखडलंय. आज काहीच निघणार नाही. गॅस सोडा.” मग त्या हिंदीत म्हणाल्या, “डॉक्टर तोमर, अच्छे से देख लीजिए. यही आपके चार जीरो हैं.”

तीन भोकांना टाके घातले. पाऊण तासात ट्रॉली बाहेर.

शुद्धीवर आल्यावर रेखाबाईनं पहिल्यांदा पोटावरून हात फिरवला. मी शेजारी होते.

“उघडलं?”

“नाही. तीन भोकं. जुन्याच जागी.”

“वाईट आहे?”

मी सांगेन म्हणाले होते. “आतड्यावर आहे. आज निघण्यासारखं नव्हतं. आधी किमो देणार, मग परत बघणार. बाकी मॅडम सांगतील.”

ती रडली. मी रडू दिलं. थोड्या वेळानं म्हणाली, “ह्यांना सांगा, पाटीवर महिने लिहू नका. नुसतं बंद लिहा.”

दुपारी मॅडमनी मला चेंजिंग रूममध्ये बोलावलं. दार लावलं. मला वाटलं, झालं.

“मावशी, तुम्ही बोलला नसतात तर मी आज हिला वरपासून खालपर्यंत फाडलं असतं आणि तासाभरात शिवलं असतं.”

“हो.”

“आणि सोमवारी तुम्ही ती शून्यं काढली नसती तर आजची वेळच आली नसती.”

“हो.”

“दोन्ही लिहून द्या.”

“मराठीत दिलं तर चालेल?”

“मला वाचता येतं.”

लिहायला अर्धा तास लागला. सहा ओळी. तोमरनंही लिहून दिलं. त्याचं तीन पानी होतं, म्हणे. त्याला महिनाभर ओटीतून काढलं. मला काढलं नाही. शाबासकीही दिली नाही. बरंच झालं. शाबासकी दिली असती तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

रेखाबाईला तीन वेळा किमो झाला. केस गेले, वजन गेलं. पुन्हा कॅमेरा घातला. या वेळी मॅडमनी आतड्यापासून सुरुवात केली. चारही चौकटी बघितल्या, दोन ठिकाणी एक, दोन ठिकाणी शून्य. मूळ सुटलं होतं. सगळी बेरीज आठ. मग मोठं ऑपरेशन झालं. सात तास. बाहेर तिचा नवरा जितका वेळ बसला तितकं बरं, हे त्याला मीच जाऊन सांगितलं. डोळ्यांना दिसेल असं आत काही ठेवलं नाही. आजार परत येणार नाही असं मॅडम म्हणाल्या नाहीत. मीही म्हणत नाही. सध्या दुकान उघडं आहे.

आता न बघितलेल्या चौकटीत मी लाल मार्करनं फुली मारते. फॉर्ममध्येही ‘नहीं देखा’ असं लिहायची सोय करून घेतली आहे. तोमर परत ओटीत आलाय. हल्ली फोटो काढण्याआधी विचारतो, “मौसी, ये जीरो किसका है?” मी म्हणते, “मैडम का.” मग तो मॅडमना विचारून येतो. मला वाईट वाटत नाही. विचारावंच.

पहिलीत बाईंनी शिकवलं होतं, शून्य म्हणजे काही नाही. ते अर्धंच शिकवलं. कोणीतरी बघितलं आणि काही नव्हतं, ते शून्य. कोणी बघितलंच नाही, तिथं काहीही असू शकतं. मला हे कळायला साठी उलटली, आणि शिकायला दुसऱ्या बाईचं पोट लागलं.